नमुना एक्केचाळीस

आमची नदी जवळच्या समुद्राकडे पाठ करून वाहते.
तो तिकडं, आंबा घाट उतरला की हाताशी,
आणि ही निघते उगवतीला, वाडीपर्यंत,
पुढं कृष्णेचं नाव लावून कुठच्या कुठे.
म्हणून थंडीत समुद्रच चढून येतो घाट,
पांढरा, तांबड्या पायांचा, केकाटत.
कुरव म्हणतात त्याला.
राजाराम बंधाऱ्यावर ओळीनं बसतो
आणि मुरारी भोयाच्या जाळ्यावर डोळा ठेवतो.

मी त्यांची गळालेली पिसं वेचते. पगारी काम आहे.
एका पिसाला एक पाकीट, पाकिटावर तारीख.
प्रयोगशाळेत तीनदा धुवायचं, वाळवायचं,
तोलायचं, शून्यानंतर चार आकडे.
मग आम्ल.
मुजावर बाई त्याला नायट्रिक म्हणतात.
हुपरीत आम्ही तेजाब म्हणायचो,
बरणी कॉटखाली असायची,
लोणच्याच्या बरणीला खेटून.

पीस विरघळतं.
उडणं होतं, त्याचं चमचाभर पिवळं पाणी होतं,
ते पाणी यंत्र आपल्या ज्योतीत ओढून घेतं
आणि ज्योत सांगते:
शिसं इतकं.
कॅडमियम इतकं.

चिलापीचं काळीज वेगळ्या डबीत.
"काय निघालं ओ ताई, माशात?"
"अजून बघतोय."
मुरारी अर्धा किलो कागदात बांधतो, पैसे नको म्हणतो.
पट्टणकोडोली येईतो कागद मांडीवर ओला झालेला असतो.
घरी जाऊन त्या माशांचं मी काय करते,
ते विचारू नका.

"पाखरू हुशार," मुजावर बाई एकदा म्हणाल्या,
"अंगातलं नको ते पिसात लोटतं,
आणि पीसच टाकून देतं."
त्या दिवसापासून मी आईकडं बघत राहते
ती विंचरताना.

आईनं एकतीस वर्षं पैंजणांना झाळ लावली.
दातांत फुंकणी, दिव्याची ज्योत वाकवून
एकेका कडीवर नेमकी टेकवायची.
फुंकायला श्वास लागतो,
आणि श्वास घ्यायचा तर तिथलाच घ्यायचा,
पिवळसर, गोडसर, दार लावलेल्या खोलीतला.
वाऱ्यानं ज्योत हलते म्हणून दार लावलेलं.
कडीचं तोंड मिटलं की खूश व्हायची.
कुठल्या कुठल्या पोरींच्या पायांत वाजत असेल ते.
आता तिनं कप धरला
की बशी वाजते.

चाळीस नमुने झाले होते.
रविवारी तिचा कंगवा पुसून घेतला.
केस पाकिटात. तीनदा धुतले, वाळवले, तोलले.
तेजाब ओतलं.
रकाने भरायला बसले.
ठिकाण: हुपरी.
प्रकार: गळालेलं.
प्रजाती,
इथं पेन बराच वेळ टेकलेलं राहिलं, शाईचा ठिपका पडला.
तो तसाच आहे वहीत.
ज्योतीनं सांगितलेला आकडा मात्र वहीत नाही.
तो एस.टी.च्या तिकिटामागं लिहिला,
तिकीट पर्सच्या चोरकप्प्यात.

लहानपणी आमच्या गल्लीत केर विकत घेणारा यायचा.
खोलीची माती, चटई झटकलेली धूळ,
अगदी हात पुसलेली चिंधीसुद्धा वजनावर न्यायचा,
जाळून गाळून त्यातनं चांदी काढायचा.
त्यामुळं मी जेव्हा सांगितलं,
आई, तुझे केस मी यंत्रात घातले होते,
तेव्हा तिनं चष्मा वर करून विचारलं,
"मग? किती निघाली?"

"चांदी नव्हे गं."

"मग कशाला घातलास जीव त्यात," म्हणाली,
आणि माझ्याकडं पाठ करून
विंचरायला बसली.
कंगव्यात आलेले केस बोटाभोवती गुंडाळले,
रीत आहे तसं त्यावर थुंकली,
आणि खिडकीतनं खाली गटारात टाकले.
गटार भरून वाहत होतं,
ओढ्याकडं.